एकच लेन्स, सगळीकडे: मिररलेस कॅमेऱ्यासाठी सुपरझूम कशी निवडायची

किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सवर, चार-सहा महिने फोटो काढले की दोन तक्रारी हमखास सुरू होतात. समोरच्या झाडावरचा पक्षी फोटोत ठिपक्याएवढा येतो, आणि दुसरी लेन्स लावायला जावं तर वारा सुटलेला असतो, धूळ उडत असते, बरोबरची माणसं पुढे निघून गेलेली असतात. सुपरझूम ही त्यासाठीच असते. रुंद देखाव्यापासून दूरच्या पक्ष्यापर्यंत सगळं एकाच लेन्समध्ये मिळतं आणि कॅमेऱ्याचं तोंड उघडावं लागत नाही.

दुकानात मात्र ती ‘सोळा पट’, ‘अठरा पट’ अशी विकली जाते आणि नवखा माणूस त्या पटींवर भाळतो. पट म्हणजे नुसता भागाकार: लेन्सच्या नावातल्या दोन फोकल लेंथपैकी (मिमीत) मोठा आकडा भागिले लहान. लहान आकडा म्हणजे रुंद टोक, मोठा म्हणजे लांब टोक. टॅमरॉन या लेन्स कंपनीची १८-३०० सोळा पटींहून थोडी जास्त भरते, सिग्मा या दुसऱ्या कंपनीची १६-३०० अठरा पटींहून जास्त. तरी लांब टोक दोघींचं एकच, ३००. त्या दोन पटी वाढल्या त्या सगळ्या रुंद टोकाला. म्हणून पट विसरा आणि चार गोष्टी बघा: रुंद टोक, लांब टोक, लांब टोकाचं ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) आणि लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचं कंपन सावरणारी सोय) आहे की नाही.

पायरी १: आधी स्वतःची बॉडी ओळखा

लेन्स कॅमेऱ्याच्या माउंटला, म्हणजे ती जिथे अडकते त्या कड्याला, बसली पाहिजे, हे तर झालंच. सोनीला ई, निकॉनला झेड, कॅननला आरएफ, फुजीफिल्मला एक्स, पॅनासॉनिकच्या फुल फ्रेमला एल. चूक सहसा इथे होत नाही, ती सेन्सरच्या बाबतीत होते. माउंट एकच असला तरी लेन्स फुल फ्रेमसाठी, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरसाठी, बनवलेली असू शकते किंवा त्याहून लहान असलेल्या क्रॉप सेन्सरसाठी. ते लेन्सच्या नावावरून कळतं. निकॉनमध्ये ‘डीएक्स’, कॅननमध्ये ‘आरएफ-एस’, सिग्मामध्ये ‘डीसी’ असेल तर ती क्रॉप सेन्सरची. सोनीच्या स्वतःच्या लेन्सवर नुसतं ‘ई’ असेल तर क्रॉपची, ‘एफई’ असेल तर फुल फ्रेमची.

फुल फ्रेमची लेन्स क्रॉप बॉडीवर बसते आणि चालते, पण तिची रुंदी जाते. लहान सेन्सर चित्राचा मधलाच भाग टिपतो, म्हणून फोकल लेंथ दीडपट धरायची: निकॉनची २४-२०० झेड५० सारख्या क्रॉप बॉडीवर लावली की ती फुल फ्रेमच्या भाषेत ३६-३०० होते. ३६ वर खोलीतली सगळी माणसं एका फोटोत मावत नाहीत, वाड्याचा चौक मावत नाही. ‘पुढे फुल फ्रेम घेणारच आहे, लेन्स आत्ताच घेऊन ठेवतो’ या हिशेबाने पुष्कळ जण फसतात आणि मधली दोन-तीन वर्षं भिंतीला पाठ टेकवून फोटो काढतात. आज हातात जी बॉडी आहे तिची लेन्स घ्या.

उलट केलं, म्हणजे क्रॉपची लेन्स फुल फ्रेमवर लावली, तर कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम १० उरतात.

पायरी २: गरज मोजा, अंदाज नको

यासाठी फोन पुरतो. बहुतेक फोनचा साधा १एक्स कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबाने २४ ते २६ मिमीच्या आसपास असतो. क्रॉप बॉडीवर १८ मिमी म्हणजे २७ मिमी, तेव्हा सुपरझूमचं रुंद टोक साधारण फोनच्या १एक्स एवढंच दाखवणार, किंचित कमी. आता फोनवर एक आठवडा लक्ष ठेवा. तुम्ही पुन्हा पुन्हा ०.५एक्सकडे जात असाल तर एक गोष्ट स्पष्ट आहे: तेवढी रुंदी कुठलीच सुपरझूम देत नाही.

मग किट लेन्सने काढलेले शेवटचे दोनशे फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फोटोच्या तपशिलात फोकल लेंथ लिहिलेली असते. १६-५० लेन्स असेल आणि अर्ध्याहून जास्त फोटो ५० वरचे असतील तर तुम्हाला खरंच लांब टोक हवं आहे. बहुतेक फोटो १६ ते २० मधले निघाले तर सुपरझूम घेऊन हाताला वजन वाढेल, फोटो बदलणार नाहीत.

पायरी ३: रुंद टोकावर तडजोड करू नका

नवख्या माणसाचं सगळं लक्ष लांब टोकाकडे असतं. खरं तर जपायचं असतं रुंद टोक. लांब टोक कमी पडलं तर फोटो नंतर कातरता येतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. १५० मिमीवर काढलेला फोटो कातरून ३०० मिमीएवढा केला तर ३००० बाय २००० पिक्सेल उरतात, म्हणजे ६ मेगापिक्सेल. फोनवर बघायला ते भरपूर आहेत, ए४ प्रिंटही चांगली निघते. जे चौकटीत आलंच नाही ते मात्र कशानेही आणता येत नाही. दोन-तीन फोटो जोडून पॅनोरमा करता येतो, पण पालखी पुढे सरकत असेल तर तो जोड फसतो. अर्धा वारकरी एका फोटोत, अर्धा दुसऱ्यात.

१६ आणि १८ यांत फरक दोनच मिमीचा, पण क्रॉप बॉडीवर तो २४ आणि २७ मधला फरक आहे. देवळाच्या सभामंडपात उभं राहिल्यावर बाजूचा एक आख्खा खांब चौकटीत येतो किंवा राहतो, एवढा.

पायरी ४: लांब टोकाचं गणित

इथे एक साधं सूत्र कायम उपयोगी पडतं. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेंथ. सेन्सर आणि फोकल लेंथ मिमीत, अंतर मीटरमध्ये घ्या, आलेलं उत्तर म्हणजे चौकटीत किती मीटर रुंदी मावेल. क्रॉप सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो, कॅननचा थोडा कमी, फुल फ्रेम ३६ मिमी.

भिगवणला होडीतून रोहित पक्षी ३० मीटरवर असेल, क्रॉप बॉडीवर ३०० मिमी लावली असेल, तर २३.५ गुणिले ३० भागिले ३००, म्हणजे २.३५ मीटर रुंद चौकट. सव्वा मीटर उंचीचा रोहित त्यात छान भरून येतो. तोच फुल फ्रेम बॉडीवर २०० मिमीने काढला तर चौकट ५.४ मीटरची होते. पक्षी लहान दिसेल, पण थवा मिळेल, आणि भिगवणला पुष्कळदा थव्याचाच फोटो चांगला येतो.

आता छोटा खंड्या घ्या. तो जेमतेम १६-१७ सेंटीमीटरचा. १५ मीटरवर ३०० मिमीने चौकट १.१७ मीटर रुंद. ६००० पिक्सेलच्या फोटोत खंड्याच्या वाट्याला साडेआठशेच्या आसपास पिक्सेल येतात. ओळखता येईल, पिसं मोजता येणार नाहीत. छोटे पक्षी हाच मुख्य छंद असेल तर सुपरझूम तुमच्यासाठी नाही. १००-४०० किंवा तसली वेगळी लेन्स बघा.

आणखी एक बारकावा. लेन्सवर लिहिलेले ३०० हे दूरच्या वस्तूसाठीचे असतात. एक-दोन मीटरवरच्या फुलपाखरावर फोकस केला की बहुतेक सुपरझूमची खरी फोकल लेंथ बरीच कमी होते. लेन्स बिघडलेली नसते, आतली रचनाच तशी असते.

पायरी ५: ॲपर्चर, म्हणजे संध्याकाळी काय होणार

नावात एफ ३.५-६.३ लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंद टोकाचा, दुसरा लांब टोकाचा. एफ २.८ च्या तुलनेत एफ ६.३ वर सेन्सरपर्यंत सुमारे एक पंचमांश प्रकाश पोचतो. व्यवहारात त्याचा अर्थ असा: एखाद्या मांडवात एफ २.८, १/२५० सेकंद शटर स्पीड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर फोटो नीट येत असेल, तर एफ ६.३ वर त्याच शटर स्पीडला आयएसओ ८००० लागेल. फोटो येईल, पण चेहऱ्यांवर दाणे दिसतील. विसर्जन मिरवणुकीची रात्र, हॉलमधलं लग्न, नाट्यगृह, हे सुपरझूमचं काम नाही. यासाठी क्रॉप बॉडीवर ३० किंवा ३५ मिमीची, एफ १.४ ते १.८ ची एक लहान प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स बॅगेत ठेवावी. सिग्माची ३० मिमी एफ १.४ फक्त २६५ ग्रॅमची आहे. सुपरझूम अधिक एक प्राइम ही जोडी वर्षानुवर्षं पुरते.

दोन टोकांच्या मध्ये ॲपर्चर कसं घसरतं तेही बघा, कारण ते नावात लिहिलेलं नसतं. दुकानात लेन्स लावून ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर आपण ठरवतो त्या मोडवर) सगळ्यात लहान आकडा ठेवा आणि सावकाश झूम करा. आकडा कुठे बदलतो ते टिपून घ्या. काही लेन्स मध्यावर पोचायच्या आधीच ६.३ वर जातात, तर टॅमरॉनची २८-२०० मिमी एफ २.८-५.६ साधारण १५० पर्यंत ५.६ ला जात नाही.

व्हिडिओ काढणाऱ्यांनी हे विशेष जपावं. मॅन्युअल मोडमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना १८ वरून ३०० कडे झूम केला की चित्र टप्प्याटप्प्याने काळवंडतं. उपाय सोपा आहे: सुरुवातीलाच ॲपर्चर ६.३ वर ठेवून एक्स्पोजर बसवा, मग झूमभर उजेड हलत नाही.

पायरी ६: हात हलतो, ते कोण सांभाळणार

लांब टोकाला हाताचं कंपन चित्रात मोठं होऊन येतं. ते सांभाळणारं स्टॅबिलायझेशन बॉडीत असतं, लेन्समध्ये असतं किंवा दोन्हीकडे. लेन्सच्या नावात निकॉन त्याला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, सोनी ओएसएस, फुजी ओआयएस, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस.

नवख्यांच्या बहुतेक बॉडींमध्ये ते नसतं. सोनी झेडव्ही-ई१० आणि ए६४००, कॅनन आर५० आणि आर१०, निकॉन झेड३० आणि झेड५०, फुजी एक्स-टी३०: यांतल्या कशातही बॉडीतलं स्टॅबिलायझेशन नाही. सोनी ए६७००, कॅनन आर७, फुजी एक्स-एस२० यांत आहे. तुमची बॉडी पहिल्या यादीतली असेल तर लेन्समध्ये ते असलंच पाहिजे. वर जिचं ॲपर्चर चांगलं म्हटलं त्या टॅमरॉन २८-२०० मध्ये ते नाही. फुल फ्रेम सोनीच्या आजच्या बॉडींवर ती सुंदर चालते, ए६४०० वर मात्र ती घेऊ नका: रुंदीही जाते आणि हात हललेलाही दिसतो.

स्टॅबिलायझेशन फक्त हाताचं कंपन थांबवतं, पळणारं मूल थांबवत नाही. त्याला शटर स्पीडच लागतो.

पायरी ७: कुठली लेन्स

क्रॉप बॉडी आणि पहिलीच सुपरझूम असेल तर आमचं मत सरळ आहे: कंपनीची स्वतःची मधली लेन्स घ्या. निकॉन झेड डीएक्स १८-१४० ३१५ ग्रॅम, कॅनन आरएफ-एस १८-१५० ३१० ग्रॅम, सोनी ई १८-१३५ ३२५ ग्रॅम. तिन्ही लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, तिन्ही दिवसभर गळ्यात सहन होतात. कॅनन आर१० किंवा आर७ घेताना १८-१५० किटमध्येच मिळते, तेव्हा बॉडी घेतानाच ती घेणं स्वस्त पडतं. फुजीची १८-१३५ जुनी आहे, २०१४ ची, ४९० ग्रॅमची, पण हवामानापासून संरक्षण असलेली.

मोठे पक्षी, सफारी, मैदानावरचे सामने यांसाठी ३०० खरोखर लागत असेल तर टॅमरॉन १८-३०० किंवा २०२५ ला आलेली सिग्मा १६-३००. दोन्ही सव्वासहाशे ग्रॅमच्या घरातल्या. झेडव्ही-ई१० ची बॉडी बॅटरीसकट ३४३ ग्रॅम, म्हणजे लेन्स बॉडीच्या जवळजवळ दुप्पट. कॅमेरा पुढे झुकतो. डावा तळहात लेन्सखाली ठेवून तोलायची सवय करावी लागते, एका हाताने फोटो काढणं विसरावं लागतं. या दोघींत प्रवास, किल्ले, देवळं जास्त असतील तर सिग्मा, कारण तिचं रुंद टोक. पण ती निकॉनसाठी मिळत नाही.

फुल फ्रेमवर निकॉन झेड २४-२०० (५७० ग्रॅम) ही सगळ्यात समतोल. निकॉनचीच २८-४०० ७२५ ग्रॅमची, लांब टोकाला एफ ८. आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एफ ८ वर अडखळायचा, मिररलेसवर तो चालतो, पण उजेड भरपूर हवा. पॅनासॉनिकची २८-२०० फक्त ४१३ ग्रॅम. कॅननची आरएफ २४-२४० ७५० ग्रॅमची. तिच्या कच्च्या रॉ फाइलमध्ये २४ मिमीला कोपरे काळे दिसतात. घाबरू नका, कॅमेरा आणि सॉफ्टवेअर ते दुरुस्त करून दाखवतात, लेन्स तशीच बनवलेली आहे.

मायक्रो फोर थर्ड्सवर (सेन्सर क्रॉपहूनही लहान, फोकल लेंथ दुप्पट धरायची) ओएम सिस्टिमची, म्हणजे पूर्वीच्या ऑलिंपसची, १२-२०० म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत २४-४००, वजन ४५५ ग्रॅम. एवढा पल्ला एवढ्या कमी वजनात दुसरीकडे सहज मिळत नाही.

पायरी ८: दुकानात आणि पहिल्या आठवड्यात तपासणी

बिलावर लेन्सचा नंबर लिहून घ्या आणि भारतातली वॉरंटी कोण देतं ते तिथेच विचारा. स्वस्त मिळणारा परस्पर आणलेला माल दुरुस्तीच्या वेळी महाग पडतो.

मग लेन्स हातात घ्या. झूम रिंग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सारखीच जड हवी. मध्येच अडली तर परत द्या. पुढची नळी बाहेर काढल्यावर किंचित हलते, ते चालतं. लेन्स तोंड खाली करून धरा: नळी आपोआप घसरत असेल तर कुलपाचं बटण आहे का आणि ते १८ वर नीट बसतं का बघा. वापरलेली लेन्स असेल तर मागच्या बाजूने फोनचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण काही बिघडवत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, ती लेन्स खाली ठेवा.

घरी आल्यावर कोपऱ्यांची परीक्षा घ्या. विटांची भिंत किंवा समोरच्या इमारतीच्या खिडक्यांचे गज चालतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीशी अगदी समांतर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. १८, ५०, १३५ आणि लांब टोक अशा चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी एकदा पूर्ण उघड्या ॲपर्चरवर आणि एकदा एफ ८ वर फोटो काढा. चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे सारखेच थोडे मऊ असतील तर सुपरझूमचा तो स्वभाव आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू धूसर आणि बाकीचे स्वच्छ असतील, आणि पुन्हा काढूनही तसंच आलं, तर आतली काच तिरपी बसलेली आहे. बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत परत द्या.

पायरी ९: वापरायची पद्धत

क्रॉप बॉडीवर ३०० साठी शटर स्पीड १/५०० च्या खाली जाऊ देऊ नका. फोकल लेंथला दीडने गुणायचं आणि तेवढ्याव्या भागाचा सेकंद धरायचा, हा हिशेब. ऑटो आयएसओ ठेवा, कमाल ६४००, आणि किमान शटर स्पीड मेनूमधून बांधून घ्या. लांब टोकाला उजेड असेल तेव्हा एफ ८ ठेवला की फोटो स्पष्टपणे सुधारतो. एफ १६ वर मात्र पुन्हा मऊ होतो.

एप्रिलच्या दुपारी माळरानावर ३०० ने काढलेले फोटो लोण्यासारखे वितळलेले दिसले तर लेन्सला दोष देऊ नका. जमिनीवरून उठणाऱ्या झळा मध्ये आलेल्या असतात. सकाळी नऊच्या आत काढा. स्वस्त यूव्ही फिल्टरही लांब टोकाला असाच घोटाळा करतो. शंका आली की फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घ्या.

जवळच्या फोटोंबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. टॅमरॉन १८-३०० चं फोकसचं किमान अंतर रुंद टोकाला १५ सेंटीमीटर सांगतात, पण ते सेन्सरपासून मोजतात. लेन्स साडेबारा सेंटीमीटर लांब, तिच्या मागे सेन्सर जवळपास दोन सेंटीमीटर आत. हिशेब केला तर काच आणि फूल यांच्यात सहा-सात मिलिमीटर उरतात. कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये एवढ्या जवळ गेलं की लेन्सची सावलीच फुलावर पडते, हूड लावलेला असेल तर तो फुलाला टेकतो. त्यापेक्षा ३०० वर जा, एक मीटर लांब उभे राहा. साडेनऊ सेंटीमीटर रुंदीची चौकट मिळते, उजेड मोकळा राहतो, मागचं गवत विरघळतं, आणि फुलांवर पाय पडत नाही.

शेवटचं पावसाळ्याबद्दल. झूम करताना नळी बाहेर येते-आत जाते, तशी हवाही आत-बाहेर होते आणि तिच्याबरोबर ओल आणि धूळ. संरक्षण आहे असं लिहिलेली लेन्सही रिमझिम सोसते, कोकणातली सर नाही. भिजली तर पुसल्याशिवाय नळी आत ढकलू नका. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करून घ्या. आणि एसी गाडीतून दमट हवेत उतरताना कॅमेरा अर्धा तास बॅगेतच, चेन लावलेली राहू द्या. नाहीतर पुढची काच बाहेरून आणि आतून दोन्हीकडून धुकते, आणि आतलं धुकं पुसता येत नाही.